संगणकतज्ज्ञ उसाच्या फडात जातात तेव्हा
विशेष प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

वारणेच्या खोऱ्यात १९९८ साली संगणक आले तेव्हा त्यांच्याकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या. पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाच्या पुढाकाराने ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याशी संगणकाने जोडायची, गावागावांत केंद्रे उघडायची आणि तेथे शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीचा सल्ला, शासकीय दाखले, शिक्षण, रोजगार असे सारे काही मिळावे, अशी ती कल्पना होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह या तिघांनी खर्चाचा वाटा उचलला. ५४ केंद्रे उभी राहिली. वृत्तपत्रांनी ठळक मथळे दिले आणि परदेशी अभ्यासकांच्या गाड्या वारणानगरला येऊ लागल्या.

काही वर्षांनी बंगळुरूच्या ‘मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया’ या संशोधन संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा हे या केंद्रांचे कामकाज तपासण्यासाठी वारणेत गेले. केंद्रांत संगणक होते आणि ते वापरातही होते. पण ज्या कामांसाठी त्यांचा गाजावाजा झाला त्यांसाठी क्वचितच. शेतकरी केंद्रावर येत ते मुख्यतः उसासाठी. लागवडीची नोंद झाली का, तोडणीचा परवाना कधी निघणार, कारखान्यात आपला ऊस किती टन उतरला, खताचा हिशेब काय, एवढेच त्यांना हवे असे. संगणकासमोर शेतकरी बसत नसे, केंद्रचालक बसे. शेतकरी विचारी आणि चालक सांगे.

हे सारे कोणत्याही प्रगती अहवालात सापडले नसते. अहवालात केंद्रांची संख्या असते, संगणकांची संख्या असते आणि ‘लाभार्थी’ म्हणून सर्व गावांची लोकसंख्या असते. प्रत्यक्षात काय चालते हे समजून घ्यायचे तर केंद्रात जाऊन बसावे लागते, आणि तेही एक दिवस नव्हे. या बसण्यालाच मानववंशशास्त्राच्या भाषेत ‘क्षेत्रकार्य’ म्हणतात आणि त्यातून उतरणाऱ्या वर्णनाला ‘एथ्नोग्राफी’. संगणकीय उत्पादने घडवणाऱ्यांनी ही पद्धत का उचलली, ती कशी चालते आणि आपल्या राज्यात तिचे काय झाले, याचा हा परिचय.

पद्धत जुनी, उपयोग नवा

एखाद्या समाजात राहून, त्याची भाषा शिकून, त्याच्या रोजच्या व्यवहारात सामील होऊन लिहिण्याची आधुनिक परंपरा ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की यांच्यापासून सांगितली जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले आणि १९२२ मध्ये त्यांचा गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी वाचकाला मात्र एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. महसूल खात्यात चाकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ मध्ये, म्हणजे त्याआधीच, प्रसिद्ध झाले होते. बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, सावकार आणि सरकारी अंमलदार यांच्या व्यवहाराचा इतका बारकाईने घेतलेला धांडोळा आजही वाचनीय आहे. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून इरावती कर्वे यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला. नातेसंबंधांपासून फलटणसारख्या वाढत्या गावापर्यंत आणि कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांपर्यंत त्यांच्या अभ्यासाचा पल्ला होता. तेव्हा ‘फिल्डवर्क’ हा परदेशातून आणलेला नवा प्रकार आहे, असे कोणी सांगू लागले तर त्याला ‘गावगाडा’ हाती द्यावा.

संगणकाच्या जगात ही पद्धत शिरली ती फोटोकॉपी यंत्राच्या निमित्ताने. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ल्यूसी सुखमन ही मानववंशशास्त्राची अभ्यासक १९८० च्या दशकाच्या आरंभी काम करत होती. कंपनीच्या एका नव्या यंत्राबद्दल ग्राहकांची तक्रार होती की ते वापरायला फार अवघड आहे. सुखमन यांनी लोकांना दोघादोघांच्या जोडीने यंत्रासमोर उभे केले, त्यांना कामे नेमून दिली आणि त्यांचे बोलणे व हालचाली चित्रफितीवर नोंदवल्या. त्यातील एक जोडी तर संगणकशास्त्रातील नामांकित मंडळींची होती. ॲलन नेवेल हे त्यांपैकी एक. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेली प्रत काढताना या विद्वानांची जी त्रेधा उडाली, ती चित्रफीत नंतर पुष्कळ गाजली.

सुखमन यांचा निष्कर्ष यंत्राच्या बटणांपुरता नव्हता. यंत्राच्या आत एक ‘मदतनीस’ आज्ञावली होती आणि माणूस ठरलेल्या योजनेनुसार एकेक पायरी चढत जाईल हे तिने गृहीत धरले होते. माणसे तशी वागत नाहीत. ती समोर जे घडते ते पाहून पुढचे पाऊल टाकतात, एकमेकांना विचारतात, चुकतात आणि मागे येतात. यंत्राला मात्र त्यांपैकी फक्त दाबलेली बटणे कळतात. शेजारी उभ्या असलेल्याचे ‘अहो, ते तसं नाही’ हे कळत नाही. १९८७ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स’ या ग्रंथाने संगणकतज्ज्ञांना यंत्राबरोबरच यंत्राभोवतीची माणसे पाहायला लावले.

त्याच केंद्रातील ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्सच्या दुरुस्ती कारागिरांबरोबर हिंडून अभ्यास केला. कंपनीची समजूत अशी की कारागीर नियमपुस्तिका पाहून यंत्र दुरुस्त करतो. ऑर यांना दिसले ते वेगळेच. अवघड बिघाडाचे उत्तर कारागिरांना खाण्याच्या सुटीत एकमेकांना सांगितलेल्या किश्शांतून मिळत होते. ‘त्या अमुक ठिकाणच्या यंत्राने मला कसे रडवले’ या प्रकारच्या कथा हेच त्यांचे खरे ज्ञानभांडार होते. पुढे कंपनीने कारागिरांच्या अशा युक्त्या साठवून सर्वांना देणारी ‘युरेका’ नावाची संगणकीय व्यवस्था उभी केली. गॅरेजमध्ये किंवा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात थोडा वेळ काढलेल्या कोणालाही ऑर यांचा शोध फारसा नवा वाटणार नाही. फरक इतकाच की त्यांनी तो लिहून ठेवला आणि कंपनीने तो ऐकला.

ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी विमान वाहतूक नियंत्रण कक्षात बसून केलेला अभ्यासही असाच महत्त्वाचा. तेथे प्रत्येक विमानासाठी एक कागदी पट्टी असे आणि नियंत्रक ती हाताने फळीवर लावत, सरकवत, तिच्यावर लिहीत. अभियंत्यांना हे जुनाट वाटे. पट्ट्या पडद्यावर आणून त्यांचा क्रम संगणकानेच लावावा, असा त्यांचा विचार होता. अभ्यासकांच्या लक्षात आले की पट्टी हाताने हलवण्याच्या त्या क्षणी नियंत्रकाचे लक्ष त्या विमानाकडे जाते. एखादी पट्टी जरा तिरकी, बाहेर काढून ठेवली की शेजारच्यालाही न बोलता कळते की येथे काही अडचण आहे. जे काम वाचवण्यासारखे वाटत होते, तेच सुरक्षिततेचा भाग होते.

वृत्तपत्राच्या धंद्यातला म्हणून आणखी एका प्रयोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प झाला. छपाई कामगारांच्या संघटना आणि संगणक संशोधक यांनी मिळून वृत्तपत्राची पाने लावण्याची संगणकीय साधने कशी असावीत हे ठरवले. संगणक अजून तयार नव्हता, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याची खोकी आणि लाकडी फळ्या मांडून कामगारांना ‘येथे पडदा आहे असे समजा’ म्हणत काम करून पाहायला लावले. आपल्याकडे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांना डीटीपी येताना असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

वारणेत पुढे काय झाले

आता पुन्हा वारणेकडे. केंद्रात बसल्यावर संशोधकांपुढे दोन वाटा होत्या. शेतकरी इंटरनेट का वापरत नाहीत याची खंत करत जनजागृतीची मोहीम काढणे ही पहिली. आपल्याकडे बहुधा हीच निवडली जाते. दुसरी वाट म्हणजे शेतकरी जे काम करतात तेच नीट पाहणे. त्यांनी दुसरी निवडली.

उसाच्या व्यवहारातली माहिती आकाराने अगदी लहान असते. सभासदाचा क्रमांक, टनांचा आकडा, तारीख, एवढाच मजकूर. तेवढ्यासाठी गावोगाव संगणक सांभाळायचा, त्याची देखभाल करायची, टेलिफोनच्या तारेवरून जोडणी लावत बसायचे. दरम्यान गावात मोबाइल येऊन पोचला होता. तेव्हा संगणक काढून टाकून ही देवाणघेवाण एसएमएसने होईल का, असा प्रश्न संशोधकांनी विचारला. ‘वायर्ड’ प्रकल्पाला उत्तर म्हणून नाव पडले ‘वारणा अनवायर्ड’.

सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. केंद्रचालकाच्या हाती संगणकाऐवजी मोबाइल आला, संदेश कारखान्यातील मध्यवर्ती संगणकाकडे जाऊ लागले आणि तेथून उत्तर येऊ लागले. संगणकावर होणारी सर्व कामे मोबाइलवर होऊ शकली. नवी पद्धत स्वस्त पडली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडली. ती सर्व गावांत लागू केली तर कारखान्याचे वर्षाला सुमारे दहा लाख रुपये वाचतील, असा संशोधकांचा हिशेब होता. बंगळुरू येथे २००७ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा निबंध सादर झाला.

या प्रयोगात तांत्रिक चमत्कार काहीच नव्हता. एसएमएस तेव्हाही जुनाच होता. नवे होते ते संगणकाच्या संशोधकांनी संगणक काढून टाका असे सुचवणे. आणि त्या संशोधकांना पगार देणारी कंपनी संगणकाच्या आज्ञावली विकून मोठी झालेली होती, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

माहिती या डब्यात आली कुठून?

याच संस्थेतील इंद्राणी मेधी यांचे काम या विषयातील पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणता येईल. नागपुरात वास्तुशास्त्र शिकलेल्या मेधी यांनी बंगळुरूच्या वस्त्यांत राहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या महिलांसाठी अक्षरांविना चालणारी संगणकीय मांडणी तयार केली. काम शोधणाऱ्या महिलेला कोणत्या घरी कोणते काम आहे आणि पगार किती, हे चित्रांतून आणि आवाजातून कळावे, असा उद्देश होता.

चित्रे काढणे सोपे वाटते. पण नुसत्या भांड्यांचे चित्र दाखवले तर ते ‘भांडी’ आहे की ‘भांडी घासण्याचे काम’? महिलांबरोबर वारंवार बसल्यावर लक्षात आले की नळातून वाहणारे पाणी, किटलीतून निघणारी वाफ अशी हालचालीची खूण जोडली की चित्र वस्तू न राहता काम होते. त्याहून मोठी अडचण वेगळीच निघाली. चित्रे कळली, बटणे कळली, तरी महिला पुढे जाईनात. नोकरीची माहिती या पेटीत आलीच कशी, हे त्यांना उमगत नव्हते. मग एक छोटी नाट्यमय चित्रफीत तयार करण्यात आली. तीत घरमालकीण आपली गरज सांगते, ती संगणकात भरली जाते आणि दुसरीकडे काम शोधणारी बाई ती पाहते, अशी सगळी कथा दाखवली. त्यानंतर वापर सुकर झाला. अडचण अक्षरओळखीची आहे असे गृहीत धरून सुरुवात झाली होती. प्रत्यक्षात व्यवस्थेवरचा विश्वास आणि तिची समज हा तितकाच मोठा भाग होता.

उदय पवार, ज्योयोजित पाल आणि टोयामा यांच्याही एका अभ्यासाची गंमत सांगण्याजोगी आहे. ग्रामीण शाळांत एका संगणकाभोवती मुलांचा घोळका असतो आणि माउस एकाच्याच हाती, बहुधा वर्गातल्या दांडगट मुलाच्या. संगणक वाढवणे परवडणारे नव्हते. माउस मात्र स्वस्त होते. म्हणून एकाच संगणकाला अनेक माउस जोडून प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा केला.

मुंबईतही या प्रकारचे बरेच काम झाले. आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘रंगोली’ ही कमी शिकलेल्यांसाठीची फोनवही २००८ मध्ये मांडली. तीत नावांऐवजी रंग आणि चित्रखुणा यांच्या साहाय्याने माणूस शोधता येतो. याच गटाचा ‘स्वरचक्र’ हा कळफलक २०१३ मध्ये आला, तो अनेक वाचकांनी वापरला असेल. इंग्रजी टंकयंत्राची मांडणी मराठीवर लादण्याऐवजी शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेचा आणि बाराखडीचा क्रम त्यात पायाभूत धरला आहे. ‘क’वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उमलते. त्याचे मूळ २००४ मध्ये मांडलेल्या ‘कीलेख’ या कळफलकात आहे. मराठी माणसाच्या डोक्यात अक्षरे कोणत्या क्रमाने रचलेली असतात, याचा विचार यंत्राआधी झाला म्हणून हे शक्य झाले.

समाजशास्त्रज्ञ निम्मी रंगस्वामी यांनी मुंबईतील सायबर कॅफे आणि वस्त्यांतील मोबाइलची दुकाने यांचा अभ्यास केला. नोकिया कंपनीच्या यान चिपचेस आणि यंगही जंग यांनी २००७ मध्ये धारावीत, तसेच घाना व ब्राझीलमधील वस्त्यांत, ‘तुमच्या मनातला मोबाइल काढून दाखवा’ असे आवाहन करून रहिवाशांकडून आराखडे मागवले. एक मोबाइल घरात अनेकजण वापरतात, हे अशाच भटकंतीतून कंपन्यांच्या ध्यानात आले. त्याच वर्षीच्या नोकिया १२०० या स्वस्त मोबाइलमध्ये एकाहून अधिक फोनवह्या ठेवण्याची सोय होती.

‘छान आहे’ म्हणणारे लोक

क्षेत्रकार्य म्हणजे प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडणे नव्हे. प्रश्नावलीला माणूस उत्तर देतो ते विचारणाऱ्याच्या मनासारखे. पाहुण्याने आणलेल्या वस्तूला नावे ठेवायची नाहीत, ही आपली रीत. त्यामुळे नवे ॲप दाखवून ‘कसे वाटले?’ विचारले की ‘छान आहे’ याखेरीज उत्तर मिळत नाही. मुंबईत काम करणाऱ्या अपला लाहिरी चव्हाण यांनी यावर शोधलेला तोडगा ‘बॉलिवूड पद्धत’ म्हणून जगभर ठाऊक झाला. तिकीट काढण्याच्या संकेतस्थळाची चाचणी घ्यायची, तर नुसते ‘तिकीट काढा’ असे सांगायचे नाही. तुमच्या भाचीचे लग्न ठरले आहे, नवरा मुलगा गुंड असून आधीच विवाहित आहे हे तुम्हाला आत्ताच कळले, लग्न तोंडावर आहे आणि तुम्हाला तातडीने विमान गाठायचे आहे, अशी कथा रचायची. माणूस त्या कथेत शिरला की भिडस्तपणा गळून पडतो आणि संकेतस्थळ अडले की तो मनापासून वैतागतो. चाचणी घेणाऱ्याला तो वैतागच हवा असतो.

आपल्या शहरातले उदाहरण घेऊन ही पद्धत समजावून घेऊ. समजा, येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका गटाला जाधववाडीच्या बाजार समितीतील भाजीपाल्याच्या लिलावासाठी ॲप करायचे आहे. सवयीने हा गट काय करील? आडत्यांची यादी मिळवील, भावांचा तक्ता तयार करील आणि शेतकऱ्याने नोंदणी करावी म्हणून मोबाइल क्रमांक मागणारा पहिला पडदा बनवील. क्षेत्रकार्य करणारा पहाटे गाड्या लागतात तेव्हा तेथे हजर असेल. माल घेऊन आलेला स्वतः शेतकरी आहे की त्याचा मुलगा, की गावातल्या पाच जणांचा माल एकत्र आणणारा टेम्पोवाला? लिलाव चालू असताना मोबाइल हाती धरायला कोणाचे हात मोकळे असतात? पट्टी कागदावर मिळते, ती घरी कोणाला दाखवली जाते? शेतकऱ्याने याच आडत्याकडून पेरणीच्या वेळी उचल घेतली आहे का? घेतली असेल तर दुसऱ्या बाजारातला चढा भाव त्याला मोबाइलवर दाखवून काय उपयोग? हमाल, मापाडी यांच्या कामावर या ॲपचा काय परिणाम होईल? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर सिडकोतल्या खोलीत बसून मिळणारे नाही. आणि पहिल्या दिवशी तर बाजारातही मिळणार नाही. तोंडओळख झाल्यावर, चौथ्या-पाचव्या चहानंतर मिळू लागते.

उचलीचा मुद्दा उगाच काढलेला नाही. रॉयटर्स कंपनीने २००७ मध्ये महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सशुल्क सेवा सुरू केली. शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीतून बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला येत असे. सेवेची चर्चा खूप झाली. नंतर मार्सेल फॅफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातील १०० गावांत शास्त्रशुद्ध प्रयोग करून तिचा परिणाम मोजला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात सरासरीने लक्षणीय फरक पडलेला आढळला नाही. असा आकडेवारीचा अभ्यास काय झाले ते नेमके सांगतो आणि तो हवाच. पण भाव ठाऊक असूनही शेतकरी आपला नेहमीचा बाजार का सोडत नाही, हे कळायला त्याच्याबरोबर टेम्पोत बसावे लागते.

न विचारण्याची किंमत

हे सारे संशोधकांच्या हौसेपुरते असते तर दैनिकात एवढी जागा देण्याचे कारण नव्हते. राज्यातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये काय भोगले ते आठवावे. केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप त्या वर्षी लागू झाले. बालकांची वजने, उंची, आहारवाटप यांची नोंद सेविकांनी मोबाइलवर करायची होती. ॲपची भाषा इंग्रजी होती. हाती दिलेले सरकारी मोबाइल निकृष्ट असून ते तापतात, बंद पडतात, दुरुस्तीचा खर्च आपल्याच अंगावर येतो, अशी सेविकांची तक्रार होती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते मोबाइल शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. पुढे हे ॲप मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध झाले.

एखाद्या तालुक्यातील दोन अंगणवाड्यांत आठवडाभर बसून कोणी पाहिले असते, तर भाषेची अडचण पहिल्या दिवशीच दिसली असती. एका हाताने मूल वजनकाट्यावर धरायचे, दुसऱ्याने खिचडीकडे पाहायचे आणि त्यातच इंग्रजी नाव टंकायचे, हे कसे जमेल याचा अंदाजही आला असता. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने मोबाइलमुळे रजिस्टरे कमी होणार होती. नवी नोंद आली तरी जुनी वही बंद करण्याचा आदेश वेळेवर येत नाही, हा आपल्या शासनव्यवहाराचा जुना अनुभव आहे, आणि तोही वह्या उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. येथे नुकसान केवळ पैशांचे नसते. नोंद चुकली तर मानधन आणि लाभार्थ्याचा शिधा दोन्ही अडू शकतात. दोष मात्र ‘सेविकेला तंत्रज्ञान जमत नाही’ असा लागतो.

याच वर्षी, १५ ऑगस्टपासून, राज्यात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. सातबाऱ्यावरील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करी. आता शेतकऱ्याने शेतात उभे राहून मोबाइलने छायाचित्र काढून ती स्वतः करायची. प्रत्येक खातेदाराकडे स्मार्टफोन नसतो हे ओळखून एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय त्यात ठेवण्यात आली, ही चांगली गोष्ट. मात्र ती नोंद प्रत्यक्षात कोण करतो, पुण्याला नोकरीवर असलेला मुलगा दिवाळीला येईपर्यंत ती राहते का, की गावातला एखादा हुशार पोरगा सगळ्यांची करून देतो आणि त्याचे काय घेतो, हे पाहणे समाजशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी उत्तम विषय ठरेल. मराठवाड्यात नोंद हुकल्यावर पीक विम्यापासून अनुदानापर्यंत काय काय हुकते, हे वेगळे सांगायला नको.

मर्यादा आणि वाद

ही पद्धत सर्वगुणसंपन्न आहे असे कोणी समजू नये. ती वेळखाऊ आहे. मालिनोव्स्की बेटावर वर्षे काढू शकले. कंपनीचा व्यवस्थापक तीन आठवडे देतो. त्यातून ‘झटपट एथ्नोग्राफी’ निघाली आणि तिच्या नावाखाली दोन दिवसांच्या दौऱ्यालाही क्षेत्रकार्य म्हटले जाऊ लागले. पॉल डॉरिश या संगणकशास्त्रज्ञाने २००६ मधील आपल्या बहुचर्चित निबंधात आणखी एका दुखण्यावर बोट ठेवले. अभ्यासकाने गावात महिनोन् महिने काढावेत आणि कंपनीने शेवटच्या पानावरच्या चार सूचना तेवढ्या वाचाव्यात, असा प्रकार रूढ झाला होता. डॉरिश यांचे म्हणणे असे की या अभ्यासाचे खरे मोल त्या चार सूचनांत नसते. आपण कोणता प्रश्न सोडवायला निघालो आहोत, हेच तो तपासायला लावतो. वारणेचे उदाहरण त्यांच्या बाजूने बोलते. ‘केंद्राचा पडदा अधिक आकर्षक करा’ अशी सूचना तेथेही करता आली असती.

नैतिक प्रश्नही आहेत. वस्तीत राहून जमवलेल्या माहितीतून कंपनी उत्पादन काढते आणि नफा कमावते; ज्यांच्या घरी बसून ती माहिती घेतली त्यांना काय मिळते? संमती घेतली, असे म्हटले जाते. पण गोऱ्या पाहुण्याला किंवा साहेबाच्या ओळखीने आलेल्याला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक गरीब माणसाला कितपत असते? वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला. चौथ्या चहानंतर उंबरठ्यावर झालेल्या गप्पा कोणत्या कलमात बसवायच्या, हे मात्र अभ्यासकाने स्वतःशीच ठरवावे लागते.

केंटारो टोयामा यांनी स्वतः पुढे अधिक खोलवर जाणारी शंका घेतली. बंगळुरूच्या संस्थेच्या स्थापनेपासून त्यांनी अशा अनेक प्रकल्पांचे नेतृत्व केले होते. त्यांचे ‘गीक हेरेसी’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले. तंत्रज्ञान माणसांच्या मूळच्या इच्छेला आणि क्षमतेला फक्त मोठे करते. जेथे ती नाही तेथे उत्तम अभ्यासाने घडवलेले यंत्रही काही निर्माण करू शकत नाही, असे ते त्यात मांडतात. या दृष्टीने पाहिले तर वारणेत संगणक काय किंवा मोबाइल काय, दोन्ही चालले ते तेथे आधीपासून कारखाना होता, सभासद होते, उसाचे वजन आणि पैसे यांचा दशकानुदशके चालत आलेला हिशेब होता म्हणून. असा हिशेब जेथे नाही, त्या गावात केंद्र उघडले तर तेथे बसणाऱ्या अभ्यासकाच्या वहीत पहिल्या आठवड्यात काय उतरेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.